तिसरा हात

कुडचड्याला, पतसंस्थेतून परतून,
जेवणं आटोपून, खोलीला कडी घालून
मी ड्रम वाजवते. माउसने.

पडद्यावर चौकोन, एका ओळीत सोळा.
पहिल्यात किक, नवव्यात किक,
पाचव्यात आणि तेराव्यात स्नेअर,
हाय-हॅट एकाआड एक.
खतावणी लिहावी तसं: आकडा आपल्या रकान्यात, रेघेला रेघ.
महिनाभर मला वाटत होतं
ताल म्हणजे ताळेबंद जुळणं.

गाणं तीन मिनिटं दहा सेकंदांचं.
गिटार भाच्याची, गळा माझा,
कपाटात मान घालून साड्यांच्या मधोमध म्हटलेलं.
(शालूपेक्षा सुती बऱ्या. शालू सळसळतात.)

गळा दबतोय वाटलं, वर केला.
मग स्नेअर मरतुकडा वाटला, तोही वर.
मग किक. मग गिटार. मग पुन्हा गळा.
जत्रेच्या नाटकाला पुढचा एक उभा राहतो,
म्हणून त्याच्या मागचा, म्हणून त्याच्या मागचा,
आणि शेवटी सगळा मांडव उभा, दिसत कुणालाच नाही.
लाल दिवा लागला तेव्हा
मी त्या मांडवाची मालकीण होते.

भावाने दोहाहून पाठवलेल्या हेडफोनात
किक छातीवर बसायची.
फोनवर लावून बघितलं: किक नाहीच.
चौकोन जागच्या जागी, आवाज म्हणून काही नाही.
पासबुकात शिल्लक, तिजोरीत झुरळ.
आणि नवऱ्याच्या टेम्पोत तीच किक एवढी
की डॅशबोर्डवरचा गणपती
तोंड फिरवून काचेकडे बघायला लागला.

रात्री खनिजाचे ट्रक जातात.
कपाटाचा आरसा आधी ऐकतो, मग मी.
त्यावरून सुचलं: खालचा सूर स्पीकरात कमी,
खोलीच्या कोपऱ्यात जास्त राहतो.
टेबल भिंतीपासून दोन हात ओढलं.
नवरा म्हणाला, आता झोपायचं कुठे?

रविवारी शेजारच्या रुझारमामला बोलावलं.
बत्तीस वर्षं लग्नांच्या बँडमध्ये ड्रम वाजवले,
आता डावा गुडघा वाकत नाही.
डोळे मिटून त्यांनी सगळं ऐकलं,
हेडफोन काढून मांडीवर ठेवला, विचारलं,
"हाका हात कितले गो?"

मला कळलं नाही.
दुसऱ्या कडव्याच्या शेवटी पुन्हा लावायला सांगितलं.
उजवा हात टेबलाच्या कडेवर: ही हाय-हॅट.
डावा माझ्या स्टीलच्या डब्यावर: हा टॉम.
मग दोन्ही हात तसेच चालू ठेवून
हनुवटीने हवेत दाखवलं, जिथे माझी क्रॅश फुटत होती:
"आनी हें कोण वाजयता? म्हजी बायल?"

हसून झाल्यावर म्हणाले, याला दमही लागत नाही.
पहाटे दोनला, वऱ्हाडी नाचायचं थांबेनात तेव्हा
उजवं मनगट पहिला ठोका देतं,
दुसरा नुसता उरकतं.
ते डब्यावर वाजवत गेले
आणि मी पैसे काढायच्या कोऱ्या स्लिपवर
ऐकून आकडे लिहीत गेले:
शंभर, अडुसष्ट, सत्त्याण्णव, एकसष्ट.

सोमवारी रात्री ते आकडे भरले.
टॉम येतो तिथली हाय-हॅट पुसली.
क्रॅश ठेवली, तिच्यासाठी एक हात मोकळा करून.
मग सगळ्यांना खाली बसवलं,
स्नेअर दोन डेसिबल, गिटार तीन,
किकच्या वाटेतून बेस थोडा बाजूला.
गळ्याला हातही लावला नाही.
तो आपला आपण पुढे आला,
साड्यांतून बाहेर, किंचित खोकत.
खोकला मी ठेवलाय.

चौदाव्या आवर्तनात एक स्नेअर उशिरा पडतो.
माउस घसरला होता.
पतसंस्थेत असता तर त्याच्याभोवती लाल गोल काढून
कुणालातरी मेमो गेला असता.
रुझारमाम नेमके तिथेच मान हलवतात,
आणि पुन्हा लाव म्हणतात.

पाय मात्र अजून हलला नाही त्यांचा.
गुडघा, म्हणतात.
मला खात्री नाही.